वाकल्यावर येणारा डोळा

कर्जतला स्टेशनजवळच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी गेली अकरा वर्षं सीटीचं मशीन चालवते. पेशंटला टेबलावर झोपवायचं, हलू नका म्हणून सांगायचं, शिशाच्या काचेमागे येऊन बटण दाबायचं आणि पडद्यावर त्याच्या शरीराचे काप एकामागून एक उमटताना बघायचे, हे माझं काम. चित्रात काय आहे ते सांगायचं काम डॉक्टरांचं. पण इतक्या वर्षांत नजर तयार होतेच. पेशंट टेबलावरून उतरायच्या आत मला बऱ्याचदा कळून चुकलेलं असतं, आणि तरी चेहऱ्यावर काही न दाखवता "रिपोर्ट संध्याकाळी मिळेल" असं म्हणायची मला सवय झाली आहे.

डोळ्याचे स्कॅन आमच्याकडे कमी येतात. डोळा ज्या खोबणीत बसतो तिच्यात मागे चरबी असते आणि ती सीटीत काळी दिसते. त्या काळ्यात डोळ्याचा गोल, त्याच्या मागून निघणारी नस आणि डोळा फिरवणाऱ्या स्नायूंचे पट्टे पांढुरके दिसतात. गाठ असली की त्या काळ्यात नको तिथे पांढरं दिसतं. एका निवृत्त शिक्षकांच्या डोळ्यामागे जांभळाएवढी गाठ निघाली होती. वर्षभर ते बिचारे चष्म्याचा नंबर बदलून घेत होते.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळा लागताना, कोंडाण्याकडची एक बाई आली. अठ्ठावीस-तीस वर्षांची. सोबत सासू आणि नवरा. नवरा कुंभिवलीला हायवेवरच्या एका गोडाउनमध्ये कामाला होता आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आला होता. डोळ्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, डाव्या डोळ्यामागे गाठ आहे का पाहावे.

मी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यामागे गाठ असली की डोळा पुढे आलेला दिसतो. हिचा डावा डोळा पुढे नव्हताच, उलट उजव्यापेक्षा किंचित आत गेल्यासारखा वाटत होता.

"कधीपासून त्रास आहे?" मी विचारलं.

उत्तर सासूने दिलं. "तो डोला येतो, बाय."

"येतो म्हणजे?"

"बाहेर येतो. मंग परत जातो."

नवरा जमिनीकडे बघत म्हणाला, "मी कधी बघितला नाय. आई म्हनते."

तिला मी आतल्या खोलीत नेलं. कानातलं, मंगळसूत्र काढायला सांगितलं, हातात सुई लावली. दोघीच होतो. इंजेक्शनचं औषध अंगात गेल्यावर गरम वाटेल, घाबरू नका, वगैरे नेहमीचं बोलत असताना ती एकदम म्हणाली, "मॅडम, माझी पोरगी मला घाबरते."

मुलगी तीन वर्षांची. चालायला लागली तेव्हापासून हे सुरू झालं होतं. ही घरात उभी असली, काम करत असली की पोरगी पायात घोटाळायची, पदर ओढायची. पण खाली बसलेल्या पोरीला उचलायला ही वाकली की ती किंचाळायची. हातांनी तोंड झाकून घ्यायची.

"मी परत उभी राहिली का गप. हलूच हात काढून बघायची. मंग मला बिलगायची आन् म्हनायची, ती गेली."

"कोण गेली?"

"दुसरी आई."

माझ्या हातातली चिकटपट्टी हातातच राहिली. खोलीत एसी नेहमीच थंड असतो, तरी त्या दिवशी तो मला जरा जास्तच वाटला.

घरच्यांनी आधी ते हसण्यावारी नेलं होतं. पोरं काहीही बोलतात. मग एके दिवशी सासू जेवायला बसली होती आणि ही वाकून तिच्या ताटात भात वाढत होती. सासूने पुरे म्हणायला वर पाहिलं आणि तिच्या हातातला घास खाली पडला. ती ताटावरून उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिने पोरीला आपल्या अंथरुणात घेतलं.

"तुम्ही आरशात बघितलं नाही?"

"किती वेला बघितलं. आरशात माझा डोला सरलच हाय."

आरशासमोर माणूस सरळ उभं राहतं, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही.

स्कॅन झाला. मी काप पाहत गेले. जबडा, गाल, मग दोन्ही खोबण्या. डावीकडे तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा ठिपका होता, बाकी सगळं काळं तिथे काळं, पांढरं तिथे पांढरं. डॉक्टरांनीही तेच लिहिलं. कॅल्शियमचा लहान ठिपका, विशेष महत्त्व नाही, गाठ आढळली नाही. संध्याकाळी रिपोर्ट न्यायला नवरा आणि सासू आले तेव्हा मी हसून सांगितलं, "चांगली बातमी आहे, काही निघालं नाही."

सासूचा चेहरा उतरला. "मशीनला पन नाय गावलं?"

"गाठच नाही तर काय गावणार, मावशी?"

ती लेकाला म्हणाली, "बघ. मी बोलली व्हती ना. दुखनं नाय हे."

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. खरं सांगायचं तर मी ऐकलंही अर्धवट. काउंटरवर गर्दी होती.

दोन-तीन आठवड्यांनी, दुपारच्या वेळी, ती एकटीच आली. मी डबा खाऊन हात धुऊन येत होते. बाहेरच्या बाकावर ती रिपोर्टचं पाकीट मांडीवर घेऊन बसली होती.

"मॅडम, वलखलं का?"

"हो. काय झालं? रिपोर्ट नॉर्मल आला ना तुमचा?"

"नॉर्मल नको मला," ती म्हणाली. "तुमी परत बघा. नीट बघा. मला गाठ पायजे."

अकरा वर्षांत माझ्याकडे असं मागणं दुसरं कुणी घेऊन आलेलं नाही. टेबलावर झोपलेला प्रत्येक जण मनातल्या मनात उलटं मागत असतो. मी जरा रागावलेच. म्हटलं, "असं बोलू नये. लोक इथून रडत जातात, तुम्हाला माहीत नाही."

तिने सगळं सांगितलं. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर सासू तिला एका भगताकडे घेऊन गेली. त्याने तांदूळ टाकून बघितले आणि सांगितलं, ही बाय नाय बघत, हिच्या डोल्यातून कोनी बघतंय. लेकराला हिच्याजवल ठेवू नका. चार दिवसांत पोरीला खालापूरकडे नवऱ्याच्या बहिणीच्या घरी पाठवून दिलं. नवरा आईपुढे काही बोलला नाही. डॉक्टर म्हणतात गाठ नाही, मशीन म्हणतं गाठ नाही, मग तो तरी काय बोलणार?

"शेजारच्या बाया पन आता माझ्यासमोर बसत नाय. मी झाडू मारायला लागली का उठून जातात." ती रडत नव्हती. शांतपणे सांगत होती. "येकदा मला पन वाटलं, असंल कोनी. मला कुटं दिसतंय मी वाकल्यावर कशी दिसते ती?"

मी काय म्हणणार होते ते आता आठवत नाही. काहीतरी समजुतीचं बोलले असते आणि तिला परत पाठवलं असतं. तेवढ्यात तिच्या मांडीवरून पाकीट घसरलं आणि डोळ्याच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी बाकाखाली गेली. ती घ्यायला ती वाकली. हात पोचेना म्हणून आणखी वाकली, डोकं गुडघ्यांच्याही खाली गेलं. मीही मदत करायला म्हणून तिच्यासमोर उकिडवी बसले. चिठ्ठी हाताला लागली तसं तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

उजवा डोळा तिचा होता. डावा नव्हता.

डावा डोळा पापण्या ढकलून पुढे आला होता, आणि अजून येत होता. बुबुळाच्या भोवती सगळीकडून पांढरं दिसत होतं. खालची पापणी जांभळट पडली होती. एका चेहऱ्यातून दोन वेगवेगळी माणसं माझ्याकडे बघत आहेत असं मला वाटलं, आणि त्यातलं एक मला ओळखत नव्हतं. मी मागे सरकले. भिंतीला पाठ लागली तेव्हा कळलं की मी सरकले आहे.

"मॅडम?" ती म्हणाली. तोच मऊ आवाज. मग ती सरळ बसली आणि मी बघत असताना तो डोळा हळूहळू आत गेला. थोडा जास्तच आत. दहाएक सेकंदांत ती पुन्हा आधीसारखी होऊन माझ्याकडे बघत होती.

"तुमी बघितला," ती म्हणाली. माझ्या चेहऱ्यावरूनच तिला समजलं असणार.

मी तिचा हात धरून तिला डॉक्टरांच्या खोलीत नेलं. आमचे डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. ते सोनोग्राफी संपवून कागद लिहीत होते. मी जे पाहिलं ते धाप लागल्यासारखं सांगितलं. त्यांनी तिला वाकायला सांगितलं आणि स्वतः खुर्चीवरून उतरून फरशीवर गुडघे टेकले, खालून तिचं तोंड दिसावं म्हणून. काही वेळ तसेच राहिले.

"दुखतं?"

"व्हय. आतून कोनी ढकलल्यावानी."

"आता हळू उठा."

ते उठून खुर्चीत बसले आणि संगणकावर तिचा आधीचा स्कॅन उघडला. तो कणीएवढा ठिपका त्यांनी मोठा करून पाहिला. मग माझ्याकडे वळले. "हा मला खटकायला हवा होता. आपण हिला उताणी झोपवून बघितलं. उताणी झोपली की ते रिकामं होत असणार. जिथं ते असतं तिथं आपण बघितलंच नाही." मग तिला म्हणाले, "बाई, स्कॅन पुन्हा करावा लागेल. या वेळी पालथं झोपून. डोळ्यांवर पुन्हा किरण पडतील, ते मी उगाच करणार नाही, पण आता करायला पाहिजे. चालेल?"

"चालंल," ती म्हणाली. "करा."

तिला मी पालथी झोपवली. कपाळाखाली उशी, नाकाला हवा लागेल अशी जागा सोडून. टेबल आत सरकलं. काचेतून मला तिची वेणी, मान आणि पायांचे तळवे एवढंच दिसत होतं. तोंड खाली, त्या पोकळीत. पाच मिनिटं तशीच ठेवा, भरू दे, असं डॉक्टर म्हणाले होते. ते माझ्या मागे उभे होते. ती पाच मिनिटं फार लांबली. मशीनची घरघर चालू होती आणि मला सारखं वाटत होतं, त्या टेबलाच्या खाली, जिथे कुणी बघत नाही, तिथे तो डोळा आता उघडा असेल.

"डोळे मिटून घ्या," मी स्पीकरवर म्हटलं. माझाच आवाज मला वेगळा ऐकू आला. "हलू नका."

काप उमटायला लागले. जबडा. गाल. उजवी खोबणी स्वच्छ, काळी. डाव्या खोबणीत काळं उरलंच नव्हतं. डोळ्याच्या मागे पांढरं काहीतरी भरून राहिलं होतं, कडा वेड्यावाकड्या, एखाद्या पानासारखं पसरलेलं, आणि त्याने डोळ्याला पुढे लोटलं होतं. मी जुना स्कॅन शेजारी लावला. तीच बाई, तीच खोबणी, आणि त्यात काहीच नाही.

डॉक्टरांनी लांब श्वास सोडला. "शीर आहे. गाठ नाही. जन्मापासून कमकुवत असलेली शीर. डोकं खाली गेलं की तिच्यात रक्त भरतं, वर झालं की रिकामी होते. तो ठिपका म्हणजे तिच्यात कधीतरी साकळून कडक झालेलं रक्त."

"कॅन्सर?"

"नाही. कॅन्सर असा ये-जा करत नाही."

ती टेबलावरून उतरली आणि थेट काचेमागे आली. पेशंटला आम्ही तिथे येऊ देत नाही, पण त्या दिवशी कुणी अडवलं नाही. "निघाली?" तिने विचारलं.

"निघाली," मी म्हटलं.

"मला दाखवा."

कापांमध्ये तिला काय कळणार? मी विचार केला आणि मशीनला चेहरा बांधायला सांगितलं. सगळे काप एकावर एक रचून ते वरून कातडीचा आकार तयार करतं. केस नाहीत, रंग नाही, राखाडी चेहरा, डोळे मिटलेले. मला स्वतःला ती चित्रं कधीच बघवत नाहीत. जिवंत माणसाची ती असतात, पण तशी वाटत नाहीत. मी दोन्ही चेहरे शेजारी शेजारी लावले. पहिल्यात दोन्ही पापण्या सारख्या. दुसऱ्यात डावी पापणी टेकाडासारखी वर आलेली.

ती बराच वेळ बघत राहिली. मग पडद्याजवळ जाऊन दुसऱ्या चेहऱ्याच्या त्या पापणीवर तिने बोट ठेवलं.

"आमच्या कोंडान्याच्या लेन्यात दगडाचं मुंडकं हाय, तसं दिसतंय," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "पोरगी हिला बघत व्हती व्हय. येवढ्याशा पोरीनं. येकटीनं." तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

चार दिवसांनी डॉक्टरांनी तिच्यासोबत नवऱ्याला आणि सासूलाही बोलावून घेतलं. दोन्ही चित्रं दाखवली, कागदावर शीर काढून दाखवली. पुढे मुंबईच्या मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यातही ते जाऊन आले. तिथे सांगितलं की ऑपरेशनच्या फंदात आत्ता पडू नका, नजरेची नस जवळ आहे, दृष्टी जाऊ शकते. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, उशी उंच घ्यायची, दर सहा महिन्यांनी दाखवायचं. अचानक खूप दुखलं किंवा दिसायचं कमी झालं तर लगेच यायचं.

पण मला लक्षात राहिला तो आमच्या सेंटरमधला दिवस. सासू चित्राकडे बघायला तयार नव्हती. पदर तोंडाला लावून बसली होती. डॉक्टरांचं बोलणं संपल्यावर तिने सुनेला विचारलं, "वाकल्यावर दुखतं तुला?"

"दुखतं."

"मंग बोलली नाय कधी?"

"बोलली आस्ती, तर भगत काय बोलला आस्ता, आत्या?"

नवरा घसा खाकरून म्हणाला, "मी आजच पोरीला घेऊन येतो." आईला विचारलं नाही त्याने. उठलाच.

जाताना म्हातारी माझ्यापाशी थांबली. कुजबुजत म्हणाली, "डाक्टर शीर बोलला, ते पटलं मला. पन बाय, त्या दिशी ताटावरनं मी वर बघितलं ना, तवा तिनं मला वलखलं नव्हतं. त्या डोल्यानं." फरशीवर बसून मलाही तसंच वाटलं होतं, हे तिला सांगावंसं वाटलं, पण मी सांगितलं नाही.

पुढे बरेच दिवस मला एक खोड लागली. भिवपुरीला वीजघराच्या क्वार्टर्समध्ये आम्ही राहतो. सकाळी बेसिनवर तोंड धुताना, वाकलेली असतानाच मी मान वर करून आरशात बघायचे. माझे दोन्ही डोळे जागेवर असायचे. तरी बघायचे. नवऱ्याने एकदा विचारलं, काय शोधतेस? मी म्हटलं, काही नाही.

त्या पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत ती सहा महिन्यांच्या आधीच सेंटरवर आली, दुखतंय म्हणून नाही, मला घरी बोलवायला. एका रविवारी मी गेले. घराच्या मागेच त्यांचं शेत आहे. पाऊस उघडला होता आणि डोंगरावरून ढग खाली उतरले होते. सात-आठ बायका रांगेने वाकून रोपं लावत होत्या, तोंडं चिखलाकडे. त्यांच्यात म्हातारी सासूही होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. ही बांधावर सरळ उभी राहून रोपांच्या जुड्या फेकत होती.

"आत्या मला खाली उतरू देत नाय," ती म्हणाली. "बोलते, वाकायचं काम माझं. साठ वर्सांची बाय, संध्याकाली कंबर धरून बसते. मी मंग शेकून देते."

शेजारच्या बायका आता तिच्याशी बोलत होत्या, हसत होत्या. पण एकदा तिच्या हातातली जुडी निसटून बांधावरच पडली तेव्हा सगळ्या रांगेचे हात थांबले. कुणी वर पाहिलं नाही. तिने पाठ ताठ ठेवून, गुडघे वाकवून, मान वर धरून ती हळूच उचलली. मग हात पुन्हा चालू झाले.

पोरगी पडवीत खेळत होती. साडेतीन वर्षांची, केसांना लाल रिबिन. आईने तिच्याजवळ जाऊन आधी भिंतीला पाठ लावून खाली बसून घेतलं आणि मग तिला ओढून मांडीवर घेतलं. पोरगी आईच्या डाव्या पापणीवरून बोट फिरवायला लागली, जशी खेळण्यावरून फिरवतात तशी. आई डोळे मिटून बसली होती.

"ही मशीनवाली बाय हाय," आईने तिला माझ्याबद्दल सांगितलं.

पोरीने माझ्याकडे निरखून पाहिलं. "दुसरी आई तुझ्याकडं ऱ्हाते?"

मी तिच्या आईकडे पाहिलं. ती ओशाळून हसली. "काय सांगनार मॅडम, शीर-बीर तिला कलत नाय. मी बोलली, कर्जतला मशीनमधी ठेवून आली तिला."

त्यात खोटं काही नव्हतं. दोन्ही चेहरे आमच्या संगणकावर होते, अजूनही आहेत.

"हो," मी म्हटलं. "माझ्याकडे राहते."

"जेवते?"

"नाही. झोपलेली असते."

पोरीने थोडा विचार केला. "उटवू नको," ती म्हणाली, आणि आईच्या मांडीवरून उतरून पुन्हा खेळायला गेली. आईने चहा ठेवायला म्हणून भिंतीचा आधार घेतला आणि सरळच्या सरळ उठून उभी राहिली.